हेडच्या मागची पाटी

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. कॅमशाफ्टपासून औषधांच्या कच्च्या मालापर्यंत इथं बरंच काही तयार होतं, आणि शेड कुठलीही असो, तिथं एक वायरमन असतोच. नवी मोटार आली की हा गडी आधी तिच्या अंगावरची पाटी पुसून वाचतो. व्होल्ट किती, अँपिअर किती, जोडणी स्टार की डेल्टा. पाटी वाचायच्या आधी कुणी वायर लावायला गेलं तर त्याचं मनगट धरतो.

आता समजा, याच वायरमनच्या मुलाला बेस गिटारचं वेड लागलं. चार तारांची गिटार आली, कॉलेजच्या बँडमध्ये जागा मिळाली आणि ॲम्प घ्यायची वेळ आली. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती वॅटचा पाहिजे? मग एका ठिकाणाहून जुनं हेड, दुसऱ्या ठिकाणाहून स्वस्तात मिळालेली दोन कॅबिनेट, अशी मोट बांधली जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला हेड तापून गप्प होतं. गंमत अशी की या जोडीचं गणित बापाला पाठ आहे. मोटारीच्या पाटीवर जे असतं तेच थोड्या वेगळ्या भाषेत हेडच्या आणि कॅबिनेटच्या पाठीवर छापलेलं असतं. फक्त तिथं वाकून कुणी बघत नाही.

हेड म्हणजे ॲम्प्लिफायरची पेटी. गिटारच्या पिकअपमधून येणारा अगदी क्षीण सिग्नल ती घेते, त्याचा पोत घडवते आणि स्पीकर हलवण्याइतकी ताकद त्यात भरते. कॅबिनेट म्हणजे लाकडी खोकं आणि त्यातले स्पीकर, विजेच्या दृष्टीने निव्वळ लोड. दोन्ही एकाच खोक्यात बसवलेले असले की त्याला कॉम्बो म्हणतात, आणि तिथं जुळवाजुळव कंपनीनेच केलेली असते. हेड आणि कॅबिनेट वेगळं घेतलं की ती जबाबदारी वाजवणाऱ्यावर येते.

पाटीवर सगळ्यात आधी वाचायचा आकडा ओहमचा. कॅबिनेटवर ‘८ ओहम’ किंवा ‘४ ओहम’ असं लिहिलेलं असतं आणि हेडवर ‘किमान ४ ओहम’ अशासारखी अट असते. ही अट म्हणजे हेडने दिलेला इशारा आहे: यापेक्षा कमी विरोधाचा लोड लावलात तर माझ्यातून जाणारा प्रवाह मला झेपणार नाही. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात एकसर आणि समांतर जोडणी शिकवतात. समांतर जोडणीत रोध कमी होतो आणि प्रवाह वाढतो, हे तिथं परीक्षेपुरतं पाठ केलेलं वाक्य इथं खिशाला लागतं. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की एकूण ४ ओहम. ४ ओहमची दोन जोडली की २ ओहम, आणि किमान ४ मागणाऱ्या हेडसाठी हा लोड दुपटीने जड. एक ८ आणि एक ४ जोडलं तर सुमारे २.६७ ओहम, तेही चालत नाही, शिवाय ४ ओहमचं कॅबिनेट दुसऱ्याच्या दुप्पट ताकद ओढतं ते वेगळंच.

इथं जवळपास प्रत्येक नवशिक्या एकदा तरी फसतो. हेडमधून निघालेली केबल पहिल्या कॅबिनेटला जाते, पहिल्या कॅबिनेटच्या पाठीवरच्या दुसऱ्या भोकातून दुसऱ्या कॅबिनेटला. डोळ्यांना ही माळ दिसते, म्हणून ती एकसर जोडणी वाटते. आत पाहिलं तर कॅबिनेटच्या पाठीवरची दोन्ही भोकं सहसा एकमेकांना समांतर जोडलेली असतात. घरातल्या भिंतीवरच्या बोर्डातून एक्स्टेन्शन, त्या एक्स्टेन्शनमधून दुसरं एक्स्टेन्शन, असं कितीही लांबवलं तरी प्रत्येक बल्बला २३० व्होल्टच मिळतात ना, तसंच हे.

मुलाने कॅबिनेट घरी आणलं की वायरमन बाप मल्टिमीटर लावून बघणार हे नक्की. पाटी म्हणते ८ आणि मीटर दाखवतो ६ च्या आसपास. यात फसवणूक नाही. मीटर फक्त स्पीकरच्या कॉइलच्या तारेचा रोध मोजतो. गाणं वाजताना मात्र स्पीकरला सतत दिशा बदलणारा प्रवाह मिळतो, कॉइल चुंबकाच्या फटीत पुढंमागं धावत उलटा विद्युतदाब तयार करते, आणि विरोध स्वराच्या उंचीप्रमाणे बदलत राहतो. एखाद्या स्वराला तो कित्येक पटींनी वर चढतो. पाटीवरचा ८ हा हिशेबासाठी मानलेला आकडा आहे. मीटरने ३ दाखवले तर पाटी ४ ची समजावी, ६ दाखवले तर ८ ची. पाटी निखळलेल्या जुन्या कॅबिनेटसाठी ही युक्ती फार कामाची आहे.

हे सगळं ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या आणि आजच्या हलक्या क्लास डी हेडना लागू पडतं. अशा हेडना कमी ओहमची भीती असते. ओहम जास्त झाले तर बिघडत काही नाही, फक्त ताकद कमी मिळते. व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, जुन्या हेडचा स्वभाव उलटा. त्यांच्या आत आउटपुट ट्रान्स्फॉर्मर असतो आणि पाठीवर ओहम निवडायचं बटण किंवा वेगवेगळी भोकं. तिथं कॅबिनेटच्या आकड्याशी नेमकी जुळणी करावी लागते, आणि कॅबिनेट न जोडता वाजवलं तर ट्रान्स्फॉर्मरमध्ये दाब उसळून तो जळू शकतो. सोलापुरात असं हेड हाती लागणं कठीण, पण पुण्या-मुंबईतून जुनं सामान घेणाऱ्याने ट्रान्झिस्टरवाल्याचा सल्ला व्हॉल्व्हवाल्याला लावू नये.

बेससाठी स्वतंत्र हेड आणि भलंमोठं कॅबिनेट हा प्रकारच व्हॉल्व्हच्या काळात रूढ झाला. फेंडर कंपनीची प्रिसिजन बेस १९५१ साली बाजारात आली आणि पुढच्या वर्षी तिच्यासाठी बासमन नावाचा ॲम्प आला. त्या काळच्या स्पीकरना बेसचा मार सोसवत नव्हता. चार दहा इंची स्पीकरचा पुढचा बासमन गिटारवाल्यांनीच जास्त उचलला, आणि १९६२ साली इंग्लंडमध्ये मार्शलने आपला पहिला ॲम्प त्याच्याच धर्तीवर बांधला. बेसवाले मात्र मागेच राहिले. १९६९ साली अँपेग कंपनीने एसव्हीटी हे सुमारे ३०० वॅटचं व्हॉल्व्ह हेड काढलं आणि रोलिंग स्टोन्स त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यावर ते घेऊन गेले. तेव्हाचं एक कॅबिनेट इतकी ताकद झेलेल याची कंपनीलाच खात्री नव्हती, म्हणून एका हेडला दोन कॅबिनेट जोडायची शिफारस होती. फ्रीजएवढ्या त्या खोक्यात दहा इंचांचे आठ स्पीकर असतात. त्याच्या अलीकडच्या आवृत्तीत प्रत्येक स्पीकर ३२ ओहमचा आणि आठही समांतर: ३२ भागिले ८, म्हणजे ४ ओहम. पाटीवरचा ४ असा आतून तयार होतो.

ओहम जुळले की मग वॅट.

वॅटच्या बाबतीत आपल्याकडच्या ग्राहकाला जुनी जखम आहे. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं ठळक लिहिलेलं असायचं आणि ते यंत्र पाच-दहा वॅटवर चालायचं. पीएमपीओ हा क्षणभराच्या उसळीचा, मोजायचा धड नियम नसलेला आकडा. हेड आणि कॅबिनेट बघताना आरएमएस किंवा ‘सतत’ असं लिहिलेला आकडाच धरावा. ‘पीक’ लिहिलेलं असेल तर निम्मा. आणि हेडचा आकडा कोणत्या ओहमला आहे तेही बघावं. ‘४ ओहमला ५०० वॅट’ म्हणणारं हेड ८ ओहमच्या एकाच कॅबिनेटला साधारण २५० ते ३०० वॅट देतं. कारण सरळ आहे: हेड जास्तीत जास्त ४५ व्होल्टच्या आसपास दाब देऊ शकतं, दाब तोच राहिला आणि विरोध दुप्पट झाला की प्रवाह निम्मा, म्हणून ताकदही निम्मी.

मग निम्म्या ताकदीत आवाज निम्मा होतो का? अजिबात नाही, आणि दुकानातला वॅटचा प्रश्न इथंच पोकळ ठरतो. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर जाणवेल इतका. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी ताकद दहापट हवी. ३०० वॅटचं हेड बदलून ५०० चं आणणाऱ्याला जेमतेम सव्वादोन डेसिबल मिळतात. हप्ते मात्र पूर्ण भरावे लागतात.

कॅबिनेटच्या माहितीपत्रकात एक आकडा बारीक अक्षरात असतो, त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात: १ वॅट दिला असता १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो. एक कॅबिनेट ९७ चं आणि दुसरं १०० चं असेल तर दुसरं निम्म्या वॅटमध्ये पहिल्याइतकं वाजतं. पैसे मोजके असतील तर हेडपेक्षा कॅबिनेटवर जास्त घालावेत असं जुने वाजवणारे सांगतात, ते यामुळे. आणखी सोपा मार्ग म्हणजे तसंच दुसरं कॅबिनेट जोडणं. ८ ओहमच्या एका कॅबिनेटशेजारी तसंच दुसरं ठेवलं की हेड जास्त ताकद सोडतं, हवा ढकलणारं कोनांचं क्षेत्रफळ दुप्पट होतं, आणि खालच्या स्वरांत मिळून जवळजवळ ६ डेसिबलची भर पडू शकते. म्हणूनच पहिली खरेदी ‘किमान ४ ओहम’चं हेड आणि ८ ओहमचं एक कॅबिनेट अशी केली तर पुढच्या कॅबिनेटला जागा उरते. पहिलंच ४ ओहमचं घेतलं तर दार तिथंच बंद.

कॅबिनेटच्या वॅटपेक्षा हेडचे वॅट जास्त असावेत की कमी, यावर वाद कायम चालतो. ‘कमी ताकदीच्या हेडने स्पीकर जळतो’ हे वाक्य महाराष्ट्रभर साउंडवाल्यांच्या तोंडी आहे, पण ते अर्धंच खरं आहे. कॉइल जळते ती तिच्यात साठलेल्या उष्णतेने, आणि कोन फाटतो तो मर्यादेबाहेर धावल्याने. हेड छोटं असल्याने स्पीकरला काही होत नाही. ते छोटं हेड फाटेस्तोवर पिळलं की लहरींचे माथे कापले जातात, सरासरी ताकद वाढते आणि वरच्या पट्टीचा छोटा ट्विटर आधी जातो. उलट कॅबिनेटच्या दीडपट ताकदीचं हेड शहाण्या हातात सुखाने चालतं. वाजवलेल्या तारेचा पहिला टणत्कार सरासरीच्या कित्येक पट मोठा असतो, त्याला वर जागा लागते. मिरवणुकीत ‘झिंगाट’ लावणाऱ्याला हे तितकंसं जाणवत नाही, कारण रेकॉर्ड केलेल्या गाण्यात स्टुडिओनेच हे माथे दाबून बसवलेले असतात. जिवंत बेस गिटार तसं काही दाबून आणत नाही.

खरा धोका असतो तो हेडवरच्या ‘बेस’ नावाच्या बटणात. ते १० डेसिबलने वर नेलं तर त्या स्वरांपुरती दहापट ताकद मागितली जाते. शिवाय स्वर एका सप्तकाने खाली गेला की तितक्याच आवाजासाठी कोनाला चौपट लांब धावावं लागतं. वॅटच्या मर्यादेच्या बऱ्याच आधी कोनाची धाव संपते. बटण आधी मधोमध ठेवून बघावं, बेस कमी वाटला तर कॅबिनेट भिंतीजवळ सरकवावं. फुकटात फरक पडतो.

पंधरा इंची स्पीकर म्हणजे खोल आवाज आणि दहा इंची म्हणजे टणक, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. किती खाली वाजेल ते स्पीकरच्या रुंदीइतकंच खोक्याच्या घनफळावर आणि त्याला ठेवलेल्या पोर्टच्या, म्हणजे हवेच्या भोकाच्या, मापावर ठरतं. खोकं लहान, आवाज मोठा आणि स्वर खोल, या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. कुठलीही दोन निवडावी लागतात. ध्वनितज्ज्ञ याला हॉफमनचा पोलादी नियम म्हणतात. चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा स्वर ४१ हर्ट्झचा, पाच तारांच्या बेसचा जेमतेम ३१ हर्ट्झचा. आठ स्पीकरवालं ते प्रसिद्ध कॅबिनेटही ५८ हर्ट्झच्या खाली हळूहळू उतरायला लागतं, तरी त्यावरचा बेस भरीव वाटतो, कारण मूळ स्वर दबला तरी त्याच्या वरच्या पटींवरून कान तो स्वर मनात पुरा करून घेतो. पाच तारांचा बेस पोर्टवाल्या छोट्या कॅबिनेटवर वाजवणाऱ्याने मात्र जपावं. पोर्ट ज्या स्वराला जुळवलेला असतो त्याच्या खाली आतली हवा कोनाला आवरत नाही आणि तो नुसता फडफडतो.

आता चिंचोळीतल्या माणसाला हमखास भुलवणारी एक गोष्ट. पाळी बदलल्याची, गाडी हलवण्याची सूचना देणाऱ्या कारखान्यांतल्या भोंग्यांमागे, आणि देवळातल्या, लग्नाच्या मांडवातल्या भोंग्यांमागेही, पीए ॲम्प्लिफायर असतो. अहुजासारखी नावं यात घरोघर माहीत. अशा ॲम्प्लिफायरच्या पाठीवर ४, ८, १६ ओहमच्या जोडीला ‘१०० व्होल्ट लाइन’ असं एक टर्मिनल असतं. लांबवर तारा ओढायच्या असतील तर विजेच्या खांबांसारखंच करतात: दाब वाढवायचा, प्रवाह कमी ठेवायचा आणि प्रत्येक भोंग्याशी छोटा ट्रान्स्फॉर्मर लावून दाब उतरवायचा. वायरमनला ही रचना ओळखीची, म्हणूनच हात तिकडे जातो. पण बेसच्या कॅबिनेटमध्ये असा ट्रान्स्फॉर्मर नसतो. ८ ओहमवर थेट १०० व्होल्ट म्हणजे १२५० वॅटची मागणी. छोटा ॲम्प्लिफायर तेवढं देऊ शकणार नाही, तो स्वतः कोलमडेल. मोठा असेल तर कॉइलचा धूर निघेल. उलट बाजूने, भोंग्यावर बेस गिटार वाजवणंही फुकट. भोंग्याचा पडदा नखाएवढी धाव घेणारा, माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेला. ४१ हर्ट्झ त्याच्या वाट्याला आले की तो वाजत नाही, तुटतो.

केबलचा मामला लवकर आटपतो. गिटारची केबल आणि स्पीकरची केबल टोकाला सारखी दिसते, पण गिटारच्या केबलमध्ये केसाएवढी तार आणि तिच्याभोवती जाळी असते. हेड ते कॅबिनेट या रस्त्यावर ती तापते. १० मीटर अंतरासाठी अर्धा चौरस मिलिमीटरची तार वापरली तर जाऊन-येऊन सुमारे ०.७ ओहम वाटेतच खर्च होतात. अडीचची घेतली तर ०.१४. नव्या कॅबिनेटवर स्पीकॉन नावाचा गोल, फिरवून अडकवायचा सॉकेट असतो. जुन्या जॅकची टोकं घालता-काढताना क्षणभर एकमेकांना टेकू शकतात, स्पीकॉनमध्ये ते होत नाही.

आणि अमेरिकेतल्या मामाने किंवा भावाने बॅगेतून हेड आणलं तर सगळ्यात आधी विजेची पाटी वाचावी. ‘१००-२४०’ असेल तर पिन बदलली की झालं. ‘१२०’ एवढंच असेल तर स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मरशिवाय सोलापूरच्या २३० व्होल्टला ते लावू नये. गुणगुण येते म्हणून अर्थिंगची तिसरी पिन काढून टाकणारेही भेटतात. बेसवाल्याच्या बोटांखाली लोखंडी तारा असतात, हे वायरमनच्या पोराला वेगळं सांगायला नको.

सरावाला जागा हा शेवटचा आणि घरच्यांच्या दृष्टीने पहिला प्रश्न. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. औद्योगिक भागाला दिवसा ७५ आणि रात्री ७०. म्हणजे कागदावर तरी रिकामी शेड बँडच्या बाजूची. हे डेसिबल कानाच्या स्वभावाप्रमाणे मोजतात, त्यात ४० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजातून मीटर जवळजवळ ३५ डेसिबल वजा करतो. मिरवणुकीतला ‘चार बेस चार टॉप’चा सेट मीटरवर दिसतो त्यापेक्षा छातीत जास्त धडधडतो, त्यामागे हेही एक कारण आहे. अशा भिंतीएवढ्या सेटला आपल्याकडे ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी या माणसाने १९६५ साली कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी!

शेडमध्ये आवाज घुमतो म्हणून भिंतीवर चादरी आणि टॉवेल टांगायची कल्पना सोलापुरात सुचली नाही तरच नवल. टेरी टॉवेलने झांजेचा आणि गिटारचा चरचराट खरोखर कमी होतो. बेसला मात्र त्याची दखलही नसते. ४१ हर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वाआठ मीटर असते आणि तिला नीट शोषायला तिच्या पाव लांबीची, म्हणजे दोन मीटर जाडीची, गादी लागेल. उलट खालचा स्वर लागला की छताचे पत्रे नेमक्या एखाद्या पट्टीला झणझणतात आणि नवशिक्याला वाटतं, स्पीकर फाटला. तोच स्वर धरून ठेवून एकाने शिडीवर चढावं आणि पत्र्यावर तळहात टेकवत जावं. हात लागताच झणझण जिथं थांबते, तिथला जे-बोल्ट ढिला असतो. रबरी वॉशर घालून तो आवळला की कॅबिनेट पुन्हा शाबूत वाजायला लागतं.